सेनापतीची मूठ

४ तारीख, सोमवार

मोठं काम आलं! आणि आलं म्हणजे आपल्या पायांनी आलं, आम्ही कोणाच्या दारात गेलो नव्हतो. संग्रहालयाच्या मॅडम स्वतः जिना चढून, धापा टाकत वर आल्या. तीनशे वर्षांपूर्वीच्या सेनापतीचं चित्र लाकडावर कोरून छापून हवंय म्हणाल्या, नव्या दालनाच्या उद्घाटनासाठी. मूळ चित्राचे पापुद्रे सुटायला लागलेत. त्यावरून त्यांच्या चित्रकाराने पातळ कागदावर सगळ्या रेघा काढून दिल्यात, तो कागद गुंडाळी करून बरोबर आणला होता. म्हणून आजपासून ही वही. असं काम कसं झालं ते कोणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि या घरात लिहायला बसेल अशी मी एकटीच. ह्यांना सही करायचाही कंटाळा.

आमच्याकडची वाटणी सासऱ्यांनी घालून दिलेली आहे. चेहरा कोरायचा थोरलीने, म्हणजे मी. कपडे, दागिने, हत्यारं कोरायची धाकटीने, म्हणजे माझ्या जावेने. भाऊजी रंग घोटतात आणि हे छापतात. सासरे स्वतः चेहऱ्याचे कारागीर. पोटचे दोन मुलगे समोर असताना त्यांनी हात निवडला तो माझा, आणि खिडकीजवळची आपली जागा मला दिली. नियमही त्यांचाच : चेहरा ज्याचा, खूण त्याची. छापाच्या कोपऱ्यात कोरणाऱ्याची एकच खूण असते आणि आज इतकी वर्षं ती माझी आहे.

तर मॅडम म्हणतात कशा, "चेहऱ्याची फार काळजी करू नका हं."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"त्या काळी चित्रकाराने सेनापतीला बघितलेलंसुद्धा नसायचं. चेहरे सगळ्यांचे साधारण सारखेच काढायचे. माणूस ओळखायचा तो वस्तूंवरून. तलवार कुठली, झग्याची किनार कशी, बोटात अंगठी कोणाच्या घराण्याची. खरं म्हणजे त्या वस्तू हेच त्याचं चित्र."

अंगाची नुसती लाही लाही झाली. म्हणजे आम्ही इतकी वर्षं भुवया कोरत बसलो ते काय, डोंबल? धाकटी मात्र गुडघ्यांवर पुढे सरकत सरकत पार मॅडमच्या पदराशी जाऊन बसली. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय. मग मॅडमनी तलवारीच्या मुठीचं काहीतरी पुराण लावलं. ते ऐकायला मी थांबलेच नाही. चहा टाकायला आत गेले. चहा कोणी मागितला नव्हता.

५ तारीख, मंगळवार

धाकटीने आज विचारलंच. सकाळी हत्यारांना धार लावत बसलो होतो. ती दगडावर चाकू घासता घासता मान वर न करता म्हणाली, "ताई, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"आधीच असं म्हणतेस म्हणजे रागावण्यासारखंच असणार. विचार."

"या छापावर माझीही खूण घालाल का? तुमच्या खाली. अगदी बारीक."

मी चाकू खाली ठेवला. ती घाईघाईने म्हणाली, "आई येणार आहे उद्घाटनाला. तिला अजून वाटतं की मी इथे भुसा झाडते. किती वेळा सांगितलं, पण खूण कुठाय म्हणते, दाखव."

हे ऐकून हसूही आलं आणि वाईटही वाटलं. पण सासऱ्यांचा नियम मी मोडू? मी म्हटलं, "काम बघून ठरवू." पोरगी एवढ्यावरच खूश झाली. लग्न होऊन आली तेव्हा होती तशीच आहे, कशानेही खूश होते.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. मला भीती वाटली. वस्तू हेच चित्र असं मॅडम म्हणतात, वर धाकटीची खूण आली, तर मी कोण उरले? हे मनातून जात नाहीये.

८ तारीख, शुक्रवार

कागदाची एक प्रत काढून ठेवली, मग मूळ कागद लाकडाच्या फळीवर पालथा चिकटवला आणि कामाला हात घातला. फळी उत्तम आहे, तळहात फिरवला की थंडगार लागते. रेघ तेवढी ठेवायची आणि बाजूचं सगळं लाकूड काढून टाकायचं, एवढंच आमचं काम. सांगायला सोपं. पण काढलं ते काढलं. लाकूड काही केसांसारखं परत वाढत नाही.

आज अर्धी दाढी झाली. एकेक केस मुळाशी जाड आणि टोकाशी नाहीसा होणारा. मॅडमनी एकदा येऊन बघावं आणि मग म्हणावं, चेहरे सगळ्यांचे सारखे!

९ तारीख, शनिवार

दाढी पुरी झाली. सेनापतीने तलवार छातीशी उभी धरलीय, त्यामुळे मूठ दाढीच्या अगदी टोकाखाली येते. बघते तर तिथे मुठीवर पाचसहा शिंतोडे! चित्रकार संग्रहालयाचा असला म्हणून काय झालं, ब्रश झटकायची शिस्त नाही. मूठ खरं तर धाकटीच्या वाटणीची. पण ती आपली भोळी, शिंतोडेसुद्धा इमानेइतबारे कोरून ठेवायची. म्हटलं, हात तिथे पोचलाच आहे तर साफ करून टाकू. छोट्या पटाशीने अलगद उडवले, मूठ कशी लख्ख झाली. धाकटीला सांगितलंसुद्धा नाही. केलेलं बोलून दाखवायची मला सवय नाही.

१२ तारीख, मंगळवार

चेहऱ्याची बाह्यरेषा, नाक, कान, दाढी झालं. फळी धाकटीकडे दिली. डोळे राहिलेत. आमच्याकडे डोळे शेवटी कोरतात, बाकी सगळा माणूस तयार झाला की. सासरे म्हणायचे, अंगावर कपडे नसताना त्याला जागा करू नये. त्यामुळे धाकटीचं होईपर्यंत मला सुट्टी. कपाट आवरलं, ह्यांच्या फाटक्या सदऱ्याला बटणं लावली, शेजारणीशी भांडण झालं होतं ते मिटवलं.

१३ तारीख, बुधवार

धाकटीला काहीतरी झालंय. सकाळी फळीवर ओणवी झाली आणि एकदम पांढरीफटक पडली. मग कागदाची दुसरी प्रत काढून खिडकीच्या काचेवर धरून बघत बसली. मी विचारलं, "बरं वाटत नाही का गं?" तर म्हणाली, "डोकं धरलंय जरा." मी आलं घालून चहा दिला. घेतला, पण माझ्याकडे असं बघत होती की जणू माझंच कोणी आजारी आहे.

दुपारी जुन्या फुटक्या फळीचा तुकडा भाऊजींकडून मागून घेतला तिने. कशाला ते सांगितलं नाही.

१५ तारीख, शुक्रवार

छपाईच्या खोलीत गेले तर हे आणि धाकटी हळू आवाजात बोलत होते. "डोळे होईपर्यंत तरी नको. हात हलेल त्यांचा," एवढं कानावर आलं. मला बघून दोघं मूग गिळून गप्प.

मी विचारलं, "कोणाचा हात हलेल?"

हे म्हणाले, "माझा. छापताना."

साफ खोटं. ह्यांचा हात उभ्या जन्मात हलला नाही, जीभ तेवढी हलते. पण खोदून विचारलं नाही. भाऊजींच्या प्रकृतीचं काही असेल, रंगाच्या भुकटीने खोकला होतो त्यांना. वेळ आली की सांगतील.

१६ तारीख, शनिवार

कळलं! धाकटी पाणी प्यायला उठली तेव्हा फळी तिरपी करून बघितली. मुठीभोवती केसाएवढी लांबोळकी रेघ. ठिगळ! हात घसरून नको ते लाकूड उडालं की तेवढा भाग खणून काढायचा, त्यात दुसरा तुकडा ठोकून बसवायचा आणि त्यावर नव्याने कोरायचं. त्याला आम्ही ठिगळ म्हणतो. मी आजवर एकदाही लावलेलं नाही, लावायची वेळच आली नाही.

ती आल्यावर मी म्हटलं, "हात घसरला ना?"

ती दारातच थबकली. ह्यांच्याकडे बघितलं. हे काही बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली, "हो ताई. झालं खरं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तुमचे डोळे राहिलेत अजून. म्हटलं, कशाला जिवाला घोर."

मी शांतपणेच बोलले. म्हटलं, ठिगळ लावलंस, निभावलंस, ठीक. पण बाई, खुणेचं आता विसर. ठिगळवाल्या हाताची खूण कोपऱ्यात घातली तर सासरे भिंतीवरच्या तसबिरीतून खाली उतरतील. तिने मान हलवली. खाली बसून झग्याची किनार कोरायला लागली. डोळ्यांतलं पाणी फळीवर पडू नये म्हणून मान वाकडी धरली होती. लाकूड ओलं झालं की फुगतं, एवढं भान ठेवलं तिने.

हे धाडकन दार आपटून बाहेर गेले. ह्यांना काय झालं होतं कोण जाणे.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. वाटलं. पण नियम तो नियम.

२० तारीख, बुधवार

डोळे झाले!

धाकटीचं सगळं आटोपून फळी परत आली. किनारीची वेलबुट्टी, अंगठीतला खडा, कंबरपट्ट्याची एकेक कडी, नाव ठेवायला जागा नाही. ते बघून मला चेवच आला. आता चेहरा उणा पडला तर तोंड दाखवायला जागा नाही. सकाळचा उजेड खिडकीतून तिरपा आला तसा चाकू घेतला. घरात सगळ्यांनी श्वास धरला होता. भाऊजींनी खोकलासुद्धा दाबून ठेवला, चेहरा लालबुंद झाला होता बिचाऱ्यांचा. धाकटी माझ्या मागे उभी. वरची पापणी, खालची पापणी, बुबुळाचा गोल, त्यातला उजेडाचा कण. कुठे अडखळले नाही. हात असा चालला की माझा मलाच हेवा वाटला.

झाल्यावर धाकटीने मागून माझे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाली, "ताई, जिवंत झाला."

हो, झाला.

२२ तारीख, शुक्रवार

पहिला छाप काढला. ह्यांनी कागद उचलला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते, खोटं कशाला सांगू. उघडले तर सेनापती समोर! असा बघतोय की उठून उभं राहावं.

मॅडम आल्या, खुर्चीवर बसल्यासुद्धा नाहीत. पर्समधून भिंग काढलं आणि चेहरा सोडून थेट मुठीवर. "एक, दोन, तीन, चार, पाच. पाचही आहेत!" आणि मटकन बसल्या.

मी विचारलं, "काय पाच?"

"मुठीवरच्या टिकल्या. सोन्याच्या. जिंकलेल्या एकेक किल्ल्याची एकेक. पाच म्हणजे सेनापती. टिकल्या नसतील तर तो साधा पहारेकरी, उसनी तलवार घेऊन उभा राहिलेला. तुमच्याआधी एकांकडे दिलं होतं काम. त्यांनी डाग समजून सगळ्या काढून टाकल्या. सगळे छाप रद्दीत गेले, आणि काम काढून घेतलं त्यांच्याकडून."

मी म्हटलं, "डोळे फुटले होते का मेल्यांचे?"

ह्यांना जोरात ठसका लागला. धाकटी पाणी आणते म्हणून आत पळाली ती बराच वेळ बाहेरच आली नाही.

मॅडमना मी बोलले नाही, पण इथे लिहायला हरकत नाही. मुठीवर चित्रकाराचे शिंतोडे होते ते मी आधीच साफ केले, म्हणून टिकल्या इतक्या उठून दिसतात. नाहीतर त्यातच हरवल्या असत्या. असलं श्रेय मागायचा माझा स्वभाव नाही.

जाता जाता मॅडमनी चेहरा बघितला. बराच वेळ बघितला. म्हणाल्या, "मी चुकले होते. चेहराही लागतो." हे वाक्य मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं. पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही असं सांगितलं.

२३ तारीख, शनिवार

सकाळी सगळे आपापल्या कामात असताना मी तो पहिला छाप घेऊन खिडकीशी बसले, मॅडम विसरून गेलेलं भिंग घेऊन. ठिगळ शोधायचं होतं. कितीही नीट बसवलं तरी रंगाचं पाणी लागलं की ठिगळ फुगतं आणि छापात त्याची कड उमटते. उमटायलाच हवी. सासऱ्यांच्या हातची ठिगळंसुद्धा मी ओळखते.

सापडलं नाही. कागद उलटा केला, तिरपा केला, उजेडावर धरला. पाच टिकल्या, एकेक मोहरीपेक्षा लहान, आणि प्रत्येकीला कडा. रेघ कुठेच नाही.

लाकडाच्या शिरा शिरांना जुळवून बसवलंय तिने. हे माझ्याच्याने झालं नसतं. लिहिताना हात जड होतोय, पण खरं ते खरं. माझ्या घरात असा हात आहे आणि मी त्याला खूण नाकारते? चूक कोणाच्याही हातून होईल. ती अशी पुसणारा हात कुठे मिळेल? आमच्या घरची चूकसुद्धा दुसऱ्यांच्या कामापेक्षा सुबक!

जेवायला बसल्यावर जाहीर केलं. सासऱ्यांचा नियम मी मोडत नाही, वाढवते. चेहरा जिचा, खूण तिची. वस्तू जिच्या, खूण तिचीही. भाऊजी जागेवरून उठून पाया पडायला लागले, म्हटलं, जेवा आधी.

हे म्हणाले, "आता तरी सांगू का हिला?"

धाकटी एकदम म्हणाली, "काही नाही सांगायचं. भात घ्या तुम्ही."

मला ठाऊक आहे काय सांगायचं होतं ते. मी फार ताणलं, असंच म्हणणार होते. म्हणू देत.

२५ तारीख, सोमवार

आता गंमत. कोपऱ्यात माझ्या खुणेपुरतंच लाकूड राखलं होतं, बाकी सगळं साफ. धाकटीची खूण घालायची तर तिथे ठिगळ लावणं आलं! धाकटी म्हणाली, "मी लावते." मी म्हटलं, "अजिबात नाही. देणारी मी, तर लावणारीही मी."

म्हणाले खरी. खड्डा खणला आणि तुकडा काही बसेना. बसला तर हले. शेवटी तिला हाक मारली. तिने माझ्या हाताला हात लावला नाही, शेजारी बसून नुसतं सांगत गेली. "शिरा बघा ताई, नदीच्या पाण्यासारख्या एकाच बाजूला वाहू द्या. तुकडा खाली किंचित बारीक ठेवा. आता हळू ठोका, झोपलेल्या मुलाला थोपटतो तसं." बसला. मी वरून तिची खूण कोरली, माझ्यापेक्षा थोडी लहान. थोडीच.

छाप काढला तर ठिगळाची कड दिसतेय! चौकोनी, पुसट, पण दिसतेय. मी म्हटलं, काढून टाकू, पुन्हा लावते. तर धाकटी फळी पोटाशी धरून बसली. "राहू दे. मला आवडलंय." तिची खूण, तिची मर्जी. सगळे छाप तसेच निघाले.

८ तारीख, रविवार (पुढचा महिना)

उद्घाटन झालं. सेनापतीसमोर ही गर्दी! लोक आधी मुठीशी वाकतात, मग वर बघतात आणि मग तिथून हलत नाहीत. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. एक म्हातारे गृहस्थ बायकोला म्हणाले, "बघतोय बघ कसा." मी म्हटलं, "बघणारच, मी उघडलेत त्याचे डोळे." ते जरा घाबरले.

धाकटीची आई आली होती. काठी टेकत टेकत चित्रापाशी गेली, कोपऱ्यात वाकली आणि खुणेवर बोट ठेवायला निघाली, तर रखवालदाराने हटकलं. मी त्याला म्हटलं, "ठेवू दे. काच आहे ना मध्ये?" तिने काचेवरून बोट फिरवलं. "हिची आहे ही?" मी म्हटलं, "हो. आणि ही टोपी, हा झगा, अंगठी, कंबरपट्टा, तलवार, सगळं हिच्याच हातचं. भुसा झाडायला माणूस वेगळा आहे आमच्याकडे."

म्हातारी रडायलाच लागली. मग डोळे पुसून मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "खरं सांगा हं थोरल्या बाई. पहिल्यापासून धांदरट आहे ही. एवढ्या मोठ्या कामात काही चूक तर नाही ना केली?"

धाकटी शेजारीच उभी होती. मी क्षणभर विचार केला. आईशी खोटं कशाला?

म्हटलं, "एक झाली होती. पण मी ती पोटात घातली. बाहेर कोणाला कळू दिली नाही."

म्हातारीने माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. "पोरीला सांभाळून घेतलंत हो. अशी जाऊ मिळायला भाग्य लागतं."

धाकटीने एकदम मला मिठी मारली, भर गर्दीत. खांद्यावर डोकं ठेवून गदागदा हलत होती, हसत होती की रडत होती तेच कळेना. हे तर चक्क भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, जाऊ दे गं, मी कधीच विसरले.

केल्याची जाणीव आहे पोरीला, एवढं मात्र खरं.